डीएमएचा अर्ज आणि ऑडिशन : कोणत्या क्रमाने काय करायचं

"फॉर्म उघडलाय, आता कुठल्या रचना वाजवू?" ऑक्टोबर उजाडला की असे निरोप यायला लागतात. विचारणाऱ्याचा हात बहुतेकदा उत्तम असतो. पण अमेरिकेतल्या बहुतेक संगीतशाळांची डॉक्टरेटच्या अर्जाची मुदत १ डिसेंबरच्या आसपास संपते, आणि रेकॉर्डिंगही तेव्हाच द्यायचं असतं. म्हणजे हातात उरतात जेमतेम आठ-नऊ आठवडे. तेवढ्यात नवी रचना बसत नाही, शिफारसपत्र धड लिहून मिळत नाही, आणि ज्यांच्याकडे शिकायचं त्या प्राध्यापकांना तुमचं नावही ठाऊक नसतं. फॉर्म हे या कामातलं जवळजवळ शेवटचं पाऊल, आणि लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

पुढचा क्रम पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वादन-गायनातल्या डीएमएसाठी, म्हणजे 'डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स' या पदवीसाठी लावला आहे. महिने अमेरिकेतल्या प्रवेशवर्षाप्रमाणे आहेत. मी पियानो वाजवतो, त्यामुळे उदाहरणं तिकडे झुकतील. इतर वाद्यांबद्दल जे लिहिलंय ते त्यांना साथ करता करता कळलेलं.

## १. पदवी नीट ओळखा (मे-जून)

डीएमए म्हणजे 'आणखी काही वर्षं चांगल्या गुरूंकडे वाजवणं' नव्हे. दोन-तीन वर्षांचे वर्ग, अनेक रिसायटल (स्वतःच्या मैफली), बहुतेक ठिकाणी त्यातलं एक व्याख्यानासह, मग सर्वंकष परीक्षा आणि शेवटी शोधनिबंध, असा तो प्रवास असतो. इतिहास आणि सिद्धान्त शिकवणाऱ्यांचाही निवडीत आवाज असतो. त्यांना एकच शंका असते: हा माणूस निबंध पूर्ण करेल, की वर्ग संपवून गायब होईल? तुमच्या अर्जातल्या प्रत्येक कागदाने त्या शंकेचं उत्तर द्यायचं आहे.

नुसतं वाजवायचंच असेल तर 'आर्टिस्ट डिप्लोमा' पाहा. त्यात पुस्तकी भाग नसल्यासारखाच असतो. संगीताबद्दल लिहायचं असेल तर म्युझिकॉलॉजी किंवा थिअरीतली पीएचडी. नावावरही जाऊ नका. इंडियाना विद्यापीठाच्या जेकब्ज स्कूलमध्ये आणि फ्लोरिडा स्टेटमध्ये याच प्रकारच्या पदवीला 'डॉक्टर ऑफ म्युझिक' म्हणतात. यादीत 'डीएमए' एवढंच शोधणाऱ्यांच्या नजरेतून या दोन मोठ्या शाळा निसटतात.

## २. शाळेआधी शिक्षक (जून ते सप्टेंबर)

एका प्राध्यापकाच्या स्टुडिओत, म्हणजे त्यांच्याकडे शिकणाऱ्यांच्या गटात, डॉक्टरेटची जागा वर्षाला एखादीच निघते, कधी निघतही नाही. ते निवृत्त होणार असतील, वर्षभर रजेवर असतील किंवा त्यांचा स्टुडिओ भरलेला असेल, तर तुमचं अप्रतिम रेकॉर्डिंगही तिथे उपयोगाचं नाही. हे शाळेच्या पानावर लिहिलेलं नसतं. विचारावं लागतं.

ऑगस्टच्या अखेरीस, त्यांचं सत्र सुरू होत असताना, छोटी ईमेल पाठवा. विषयाच्या ओळीत वाद्य, पदवी आणि प्रवेशाचं वर्ष. आत चार गोष्टी: तुम्ही कोण, सध्या कोणाकडे शिकता, एका रेकॉर्डिंगची लिंक, आणि दोन प्रश्न. येत्या वर्षी जागा आहे का? एखादा ट्रायल लेसन प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन मिळेल का? एवढंच. बायोडेटा, सहा लिंका, बालपणापासूनची पारितोषिकं जोडलेली ईमेल 'नंतर नीट वाचू' म्हणून बाजूला पडते आणि तिथेच राहते. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

ट्रायल लेसनला फी असेल का, हे आधीच विचारा. त्यात अवघडण्यासारखं काही नाही. लेसनमध्ये तुमची सर्वांत चकचकीत रचना वाजवण्यापेक्षा थोडी कच्ची असलेली वाजवा. शिक्षकाला तुम्ही किती भारी आहात यापेक्षा सांगितलेलं किती लवकर हातात उतरतं हे पाहायचं असतं. तुम्हालाही पाहायचं असतंच: चार वर्षं याच आवाजाच्या सूचना ऐकायच्या आहेत.

सावध : 'नक्की अर्ज करा, मला ऐकायला आवडेल' हे आश्वासन नव्हे. ते प्रत्येकाला सांगितलं जातं.

तपासा : सप्टेंबरअखेर पाच ते आठ शाळा, आणि प्रत्येक शाळेपुढे एका तरी शिक्षकाचं उत्तर. ज्या शाळेपुढे नाव नाही ती खोडा. अर्जाची फी बऱ्याच ठिकाणी १०० डॉलरच्या आसपास जाते आणि काही ठिकाणी प्रीस्क्रीनिंगचे, म्हणजे रेकॉर्डिंगवरून होणाऱ्या पहिल्या चाळणीचे, वेगळे पैसे पडतात. 'बघू लागलं तर' म्हणून टाकलेले अर्ज महागात पडतात.

## ३. रचनांचा तक्ता (हे शिक्षक शोधण्याबरोबरच)

प्रत्येक शाळेची मागणी वेगळी असते, पण वेगळेपण बारीक असतं, आणि घोळ तिथेच होतो. पियानोला साधारणपणे एक बरोक रचना, एक अभिजात काळातला सोनाटा, रोमँटिक काळातली एक मोठी रचना आणि १९०० नंतरचं काहीतरी मागतात. व्हायोलिनला बाखच्या एकल रचनांमधल्या दोन विरोधी स्वभावाच्या मूव्हमेंट (रचनेचे स्वतंत्र भाग), एक मोठा कंचेर्तो, पागानीनीचा कप्रीस किंवा त्या तोडीचं काही, आणि एक आधुनिक रचना. गायकांना इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी, शिवाय ऑपेरा आणि ऑरेटोरिओमधली एकेक आरिया. क्लॅरिनेटवाल्यांपुढे मोत्सार्टचा कंचेर्तो बहुतेक यादीत येतो, आणि तो ए क्लॅरिनेटचा आहे. बी-फ्लॅटवर काम चालवू म्हणणारा डॉक्टरेटच्या ऑडिशनला उभा राहू नये.

एक तक्ता करा. उभ्या रांगेत शाळा, आडव्या ओळीत मागण्या, आणि चौकटीत शाळेच्या पानावरचे शब्द जसेच्या तसे. एका ठिकाणी 'सोनाटा हायडन, मोत्सार्ट किंवा बेथोव्हेनचा' असतो, दुसरीकडे शूबर्टही चालतो. एकीकडे 'पूर्ण रचना', दुसरीकडे 'एक जलद मूव्हमेंट'. सगळ्यांत कडक अट घ्या आणि तिच्यावर कार्यक्रम बांधा, म्हणजे एकाच संचात पाच-सहा शाळा बसतात. तक्ता न करता आठवणीवर गेलात तर नोव्हेंबरात कळतं की एका शाळेला फ्यूगसह प्रेल्यूड हवा होता आणि तुम्ही सुइटमधले दोन नाच बसवलेत.

आता रचना निवडताना होणारी ठरलेली चूक. लोक आपल्या आवाक्यातली नव्हे, आवाक्याच्या जरा पलीकडची रचना निवडतात, कारण 'डॉक्टरेट आहे ना'. निवड समितीने ती रचना त्या आठवड्यात पाच जणांकडून ऐकलेली असते. तिच्या अवघडपणाने कोणी चकित होत नाही. माझा नियम साधा आहे: रेकॉर्डिंगच्या दिवशी जी रचना सहा महिन्यांहून कमी वयाची आहे आणि लोकांपुढे किमान दोनदा वाजलेली नाही, ती यादीत नाही. मग ती कितीही लाडकी असो. या नियमावर मैत्रीत भांडणं झाली आहेत, तरी मी तो बदललेला नाही.

दुसरी गोष्ट, संचात तुमचा कल दिसू द्या. आधुनिक रचनेची जागा बहुतेक जण कशीबशी भरतात: चार मिनिटांचं काहीतरी, आठवडाभरात बसवलेलं. तुमच्या शोधनिबंधाचा विषय त्या काळात असेल तर हीच जागा तुमची सर्वांत बोलकी ठरते. ज्या संगीतकाराबद्दल उद्देशपत्रात लिहिता त्याचं संचात काहीच नसेल, तर मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

तपासा : पाठांतराची अट कोणत्या रचनेला आहे? प्रीस्क्रीनिंगच्या रचना प्रत्यक्ष ऑडिशनला बदलता येतात का? फॉर्ममध्ये लिहिलेली यादी अंतिम धरतात का? तिन्ही उत्तरं तक्त्यात लिहा.

## ४. प्रीस्क्रीनिंगचं रेकॉर्डिंग (ऑक्टोबर-नोव्हेंबर)

खरी ऑडिशन हीच. पुढची फेरी ज्यांना बोलावलं त्यांच्यासाठी असते, आणि बोलावणं या फायलींवर ठरतं. तरीही बहुतेक जण हे काम शेवटच्या आठवड्यात, मिळेल त्या खोलीत, फोन पुस्तकांच्या ढिगावर टेकवून उरकतात.

सभागृह दोनदा घ्या, मध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवून. पहिली तारीख ऑक्टोबरअखेर. पहिल्या दिवशी नव्वद टक्के काम होतं आणि कुठे हात अडखळतो ते कळतं. दुसऱ्या दिवसाचा उपयोग त्या दहा टक्क्यांसाठी. पियानो त्याच सकाळी ट्यून करून घ्या, आदल्या दिवशी नव्हे. साथीदाराचं मानधन, सभागृहाचं भाडं आणि ट्यूनर या तिघांचा खर्च एकदम धरा, म्हणजे 'अजून एक तास घेऊ का' हा प्रश्न भर रेकॉर्डिंगात छळत नाही.

फोनचा कॅमेरा एक वेळ चालेल, त्याचा माइक चालणार नाही. फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करत राहतो, त्यामुळे तुमचं पियानिस्सिमो आणि फोर्तिस्सिमो एकाच उंचीवर येतं. छोटा स्टिरिओ रेकॉर्डर घ्या, पातळी हाताने लावा, सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या खाली राहील अशी. ही पातळी ठरवताना रचनेची सुरुवात वाजवू नका. तिच्यातली सर्वांत जोरकस जागा वाजवा. माइक वाद्यापासून दोन-तीन मीटरवर. फार जवळ ठेवलात तर पेडलची खटखट, गजाची खरखर आणि श्वासच ऐकू येतात. रेकॉर्डरचा आणि कॅमेऱ्याचा आवाज नंतर जुळवायचा असेल तर सुरुवातीला एक टाळी वाजवा. मात्र काही शाळांना असा जोडलेला आवाजही चालत नाही, तेव्हा ती ओळ आधी वाचा.

कॅमेरा एका जागी, स्थिर. चेहरा आणि दोन्ही हात पूर्ण वेळ दिसले पाहिजेत. गायकांची गुडघ्यापासून वरची पूर्ण आकृती. ऑर्केस्ट्रा-संचालनाचा अर्ज असेल तर कॅमेरा वादकांच्या बाजूने संचालकाकडे तोंड करून, आणि त्यात तालमीचा भाग मागतात, नुसती मैफल नव्हे. मूव्हमेंट एका दमात, मध्ये काट नाही, घुमारा वाढवणं नाही. दोन मूव्हमेंट वेगळ्या वेळी रेकॉर्ड केल्या तर बहुतेक ठिकाणी चालतं. एकाच मूव्हमेंटचे दोन तुकडे जोडलेले कुठेच चालत नाहीत, आणि ते ऐकू येतात.

माझी पहिली खेप कशी वाया गेली ते सांगतो. सोनाटा आणि त्याच्या आधीचा प्रेल्यूड-फ्यूग मी सलग, कॅमेरा न थांबवता वाजवला. त्या दिवशी सगळं जमून आलं होतं. शेवटच्या कोडात, म्हणजे समारोपाच्या भागात, शिरलो, दुहेरी रेघेपर्यंत पोचलो, हात उचलले, आणि बघतो तर कॅमेऱ्याचा लाल दिवा विझलेला. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत एका फायलीची मर्यादा २९ मिनिटं ५९ सेकंद असते, माझ्याही होती. फायलीत सोनाट्याचं शेवटचं पान नव्हतं. सभागृहाची वेळ संपली होती आणि दारात पुढचा गायकवृंद उभा होता. तेव्हापासून प्रत्येक रचनेला वेगळी फाइल, आणि पडद्याआडून दिव्यावर नजर ठेवायला एक माणूस.

एका रचनेचे तीनच टेक घ्या. चौथ्यात चुका कमी होतात आणि संगीतही कमी होतं. दमवणारी रचना दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, हात गरम आणि पाठ अजून ताजी असताना. निवड त्याच संध्याकाळी करू नका. दुसऱ्या दिवशी आधी चित्र बंद ठेवून ऐका, मग आवाज बंद करून पाहा. तोंड वाकडं करण्याच्या सवयी दुसऱ्यात दिसतात.

फायली कोणत्या क्रमाने लावायच्या हेही तुमच्या हातात असतं. पहिली फाइल अशी हवी की तिचं पहिलं मिनिटच सगळं सांगून जाईल. हळू उमलणारी रचना पहिली लावू नका. ऐकणाऱ्यापुढे रांग मोठी असते आणि तो पुढे सरकवतो.

सावध : यूट्यूबची लिंक चालत असेल तर व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवा, 'प्रायव्हेट' नाही. प्रायव्हेट लिंक तुमच्या संगणकावर छान उघडते, समितीला कुलूप दिसतं. वेगळ्या यंत्रावर, लॉगिन न करता उघडून पाहा.

तपासा : फायलीच्या नावात रचनाकार, रचना, मूव्हमेंट. बऱ्याच शाळा 'ॲक्सेप्टेड' नावाच्या मंचावर फायली घेतात. तिथे चढवायला वेळ लागतो, आणि चढवल्यावर पूर्ण वाजवून पाहणं तुमच्यावरच असतं.

## ५. कागद (सप्टेंबरपासून समांतर)

लेखनाचा नमुना. बहुतेक ठिकाणी दहा ते वीस पानांच्या आसपासचा एक निबंध मागतात. इथे लोक मैफलीतल्या रचना-टिपणांचा गठ्ठा जोडतात. तो चालत नाही. एक प्रश्न, त्यावर तुमचं मत, स्वरलेखनाची उदाहरणं, तळटिपा, असं काहीतरी हवं. मास्टर्सला लिहिलेला जुना निबंध घेतलात तरी चालेल, पण त्यावरचे शिक्षकांचे लाल शेरे आणि श्रेणी काढून, नवे संदर्भ घालून पुन्हा लिहा. उदाहरणांतलं स्वरलेखन धूसर छायाचित्राचं नको. स्वतः टंकित करा किंवा स्वच्छ स्कॅन करा. तुम्ही निबंध पूर्ण कराल का, याचा सर्वांत थेट पुरावा हाच कागद आहे, आणि सर्वांत कमी वेळ याच्यावरच खर्च होतो.

उद्देशपत्र. 'चार वर्षांचा असताना मी पहिल्यांदा पियानोसमोर बसलो' हे वाक्य लिहिलं असेल तर खोडा. कोणत्या संगीतावर काम करायचंय, त्यासाठी आजवर काय केलंय, आणि ते याच ठिकाणी, याच शिक्षकांकडे का, एवढं दीड पानात बसतं. मोठी पण भोळी चूक: एका शाळेसाठी लिहिलेल्या पत्रात दुसरीचं नाव राहून जातं. पाठवण्याआधी पत्रात प्रत्येक शाळेचं नाव शोधून पाहा.

शिफारसपत्रं. बहुधा तीन. तिन्ही वाद्यशिक्षकांची नकोत. एक तरी इतिहास किंवा सिद्धान्त शिकवणाऱ्यांचं हवं, ज्यांनी तुमचं लेखन वाचलंय. सहा आठवडे आधी विचारा, आणि विचारताना शाळांची यादी, मुदती, रचनांचा संच व लेखनाचा नमुना एकत्र पाठवा. फॉर्ममध्ये 'पत्र पाहण्याचा हक्क सोडता का' असा प्रश्न येतो. सोडा. पाहण्याचा हक्क राखलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो.

गुणपत्रकं आणि भाषा. अमेरिकेबाहेरून अर्ज करत असाल तर अधिकृत गुणपत्रकांना लागणारे आठवडे आधी मोजा. काही शाळा ती मूल्यमापन संस्थेकडून तपासून मागतात. टोफेलचे (इंग्रजीच्या परीक्षेचे) गुण दोनच वर्षं चालतात. साहाय्यक अध्यापकाचं काम हवं असेल तर बोलण्याच्या भागाला वेगळी, वरची अट असू शकते. एकूण गुण भरपूर आणि बोलण्यात कमी, म्हणून प्रवेश मिळूनही वर्गावर जाता आलं नाही, असं होतं.

## ६. अर्ज पाठवणं (नोव्हेंबर)

इथवर सगळं झालं असेल तर फॉर्म म्हणजे एका दुपारचं काम. दोन गोष्टी तेवढ्या पाहा. विद्यापीठात संगीतशाळा असेल तर अर्ज कधी कधी दोन असतात, एक ग्रॅज्युएट स्कूलचा आणि एक संगीतशाळेचा. एकच भरून निवांत बसणारे दर वर्षी निघतात. आणि असिस्टंटशिपचा (विद्यापीठातल्या साहाय्यकाच्या पगारी कामाचा) फॉर्म बऱ्याचदा वेगळ्या पानावर, वेगळ्या मुदतीसह असतो. तो राहिला तर प्रवेश मिळतो, पैसे मिळत नाहीत.

मुदत शाळेच्या स्थानिक वेळेनुसार धरा, आणि खरं तर मुदतीआधी पाच दिवस पाठवा.

## ७. बोलावणं आल्यावर (डिसेंबर-जानेवारी)

प्रीस्क्रीनिंगचे निकाल डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारीपर्यंत येतात. ऑडिशनचे आठवडे मुख्यतः जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात. अनेक शाळांच्या तारखा एकमेकींवर येतात, म्हणून पसंतीची तारीख लगेच कळवा.

हे दिवस हिमवादळांचे आहेत. ईस्टमन संगीतशाळेसाठी रोचेस्टरला किंवा मिशिगनसाठी ॲन आर्बरला जाताना ऑडिशनच्या आदल्या रात्री उतरणारं विमान घेऊ नका. एक दिवस जादा ठेवा. तापवलेल्या इमारतींत हवा इतकी कोरडी असते की खुंट्या सरकतात, लाकूड तडकतं, फुंकवाद्यांची रीड (पत्ती) वाकडी होते. पेटीत आर्द्रता राखणारं साधन ठेवा. कोलोराडो विद्यापीठ बोल्डरला आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर. खाली नीट वाजणारी ओबोची रीड तिथे वेगळीच वागते. ओबोवाल्यांनी वेगवेगळ्या ताकदीच्या रीड न्याव्यात आणि दोन दिवस आधी पोचावं.

अमेरिकेत व्हायोलिन-गिटारसारखं छोटं वाद्य केबिनमध्ये न्यायला विमान कंपनीने परवानगी द्यावी असा नियम आहे. २०१२च्या कायद्यात तो आला आणि २०१५पासून अमलात आहे. पण अट अशी की चढताना वर जागा असली पाहिजे. म्हणून लवकर चढा. गजात हस्तिदंत किंवा कासवाचं कवच, किंवा वाद्यात ब्राझिलियन रोझवूड असेल, तर सीमा ओलांडायला साइटीसची, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, कागदपत्रं लागतात. ती विमानतळावर मिळत नाहीत.

सराव? आता नवीन काही नको. आठवड्यातून दोनदा लुटुपुटीची ऑडिशन घ्या: एखाद्याला समोर बसवा, कार्यक्रमातल्या जागांच्या चिठ्ठ्या करा आणि त्याने काढलेल्या चिठ्ठीपासून वाजवा. थेट विकासभागापासून (मूव्हमेंटच्या मधल्या भागापासून), थेट तिसऱ्या मूव्हमेंटपासून. सुरुवातीपासूनच वाजवता येणारी रचना अजून पाठ झालेली नाही.

## ८. ऑडिशनचा दिवस

साथीदार बऱ्याचदा शाळाच देते आणि तालमीला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. मी साथीला बसलो आहे तेव्हा दहातले सात जण सुरुवातीपासून वाजवत सुटायचे आणि वेळ संपायची ती रचनेतली दुसरी मुख्य धून येण्याआधीच. असं करू नका. प्रत्येक रचनेतल्या तीन-चार जागा ठरवून न्या: लय बदलते ती, श्वास घेता ती, कादेन्झानंतर (तुमच्या एकट्याच्या भागानंतर) पुन्हा एकत्र येता ती. लय आकड्यात सांगू नका, 'एक-दोन-तीन' मोजूनही नको. पहिल्या दोन पट्ट्या (बार) गुणगुणून दाखवा, साथीदाराला त्यातून लयीबरोबर वजनही कळतं. त्याची प्रत पानं उलटता येतील अशी वहीत लावलेली, कडेचे स्वर कापले न गेलेली, आणि तुम्ही गाळलेल्या पट्ट्यांवर ठळक खूण केलेली असावी.

खोलीत गेल्यावर पहिली रचना बहुधा तुमच्या पसंतीची असते, पुढच्या समिती मागते. खुर्ची, स्टँड, बाकाची उंची नीट करायला लागेल तेवढा वेळ घ्या. ते मध्येच थांबवतील. थांबवणं वाईट लक्षण नाही. पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या शैली ऐकायच्या असतात, एवढंच. चूक झाली तर मागे जाऊ नका. पुन्हा सुरू करणारा वादक चुकीपेक्षा जास्त लक्षात राहतो.

मग मुलाखत, आणि डॉक्टरेटची ऑडिशन मास्टर्सच्या ऑडिशनपेक्षा वेगळी होते ती इथे. मला एकांनी माझ्याच प्रतीवर बोट ठेवून विचारलं, "ही पेडलची खूण संगीतकाराची, की संपादकाची?" वर्षभर ती खूण पाळली होती, उत्तर ठाऊक नव्हतं. मी 'बहुधा संगीतकाराची' म्हणालो. ती संपादकाची होती, आणि हे खोलीतल्या सर्वांना माहीत होतं. तुमच्या प्रत्येक रचनेची प्रत ऊर्टेक्स्ट आवृत्तीशी (संगीतकाराच्या मूळ लेखनाला धरून छापलेल्या प्रतीशी) ताडून पाहा आणि काय कोणाचं ते जाणून जा. 'माहीत नाही, पाहावं लागेल' हे उत्तर चालतं. 'बहुधा' हे उत्तर चालत नाही.

विषय अजून पक्का नसला तरी एक प्रश्न तयार हवा: कशाबद्दल लिहावंसं वाटतं, आणि त्याबद्दल आतापर्यंत काय वाचलं? काही ठिकाणी इतिहास-सिद्धान्ताची लेखी चाचणी, प्रथमदर्शनी वादन किंवा एखाद्या विद्यार्थ्याला शिकवून दाखवणंही असतं. वेळापत्रकात ते लिहिलेलं असतं. आदल्या रात्री नव्हे, तिकीट काढतानाच वाचा.

## ९. निकाल आणि पैसे (मार्च-एप्रिल)

प्रस्ताव आला की तीन आकडे वेगळे काढा: शिकवणी शुल्कातली सूट, दरमहा मिळणारं मानधन, आणि सूट लागू नसलेली इतर शुल्कं. 'पूर्ण सूट' म्हटल्यावर तिसरा आकडा लोक विसरतात. आरोग्यविमा आणि शुल्कं मिळून मानधनातले महिने खातात. येल स्कूल ऑफ म्युझिकसारख्या ठिकाणी शिकवणी शुल्कच नाही, पण राहण्याचा खर्च आहेच. असिस्टंटशिप आठवड्याला दहा तासांची की वीस, किती वर्षांची, आणि दर वर्षी नव्याने मिळवावी लागते का, हे लेखी विचारा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं, त्यामुळे 'कमी पडलं तर अजून एक काम धरू' हा हिशेब जमत नाही.

उत्तरासाठी घाई केली जात असेल तर हे लक्षात ठेवा: काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेल्या संस्था आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला भाग पाडू शकत नाहीत. तुमची शाळा त्या यादीत आहे का ते पाहा. कॉन्झर्व्हेटरींच्या तारखा वेगळ्या असू शकतात. आकड्यांबद्दल बोलायचं असेल तर दुसऱ्या शाळेचा लेखी प्रस्ताव हातात ठेवून, नम्रपणे, एकदाच बोला.

स्टुडिओतल्या सध्याच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना फोन करा आणि विचारा: इथून डॉक्टरेट पूर्ण करायला प्रत्यक्षात किती वर्षं लागतात? शिक्षक दौऱ्यावर असले की लेसन बुडतात का? ईमेलवर याची खरी उत्तरं येत नाहीत.

निर्णय झाला की नाकारलेल्या शाळांना त्याच दिवशी कळवा, शिक्षकांना वेगळी ईमेल करून. प्रतीक्षायादीतलं कोणीतरी तुमच्या जागेकडे डोळे लावून बसलेलं असतं. आय-२० साठी (विद्यार्थी व्हिसाकरता विद्यापीठ देतं त्या फॉर्मसाठी) लागणारे निधीचे पुरावे त्याच आठवड्यात पाठवा. आणि ऑगस्टमध्ये पोचल्या पोचल्या इतिहास-सिद्धान्ताची प्लेसमेंट परीक्षा असते. तीत नापास झालात तर उजळणीचे वर्ग घ्यावे लागतात, आणि ते श्रेयांकांत बहुधा धरत नाहीत. जूनमध्ये चार भागांचं हार्मनीचं पुस्तक आणि फ्यूगची दोन-तीन विश्लेषणं पुन्हा हाताखालून घाला.